दाबलं की बरं का वाटतं? मालिश, नसा आणि मेंदू: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मानदुखीवर लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते: "हात फिरतो स्नायूंवर, पण फरक पडतो तो मज्जासंस्थेत." त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देते आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसाचा बराचसा वेळ माझे हात कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर असतात. त्यामुळे मालिशीला नावं ठेवायचा माझा अजिबात हेतू नाही. तिच्या नावावर जे काही खपवलं जातं त्याबद्दल मात्र बोलायचं आहे. पत्रं लांबलचक होती, इथे थोडक्यात दिली आहेत. नावं गाळली आहेत.

प्रश्न: मॅडम, दिवसभर कॉम्प्युटरवर हिशेबाचं काम असतं. मान आणि उजवा खांदा पार आखडून जातो. पंधरवड्यातून एकदा मालिश करून घेतो. मालिश करणारे म्हणतात, "गाठ फोडली बघा." दोन दिवस एकदम हलकं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी गाठ त्याच जागी हजर! फोडलेली गाठ परत कशी येते?

ती फुटलेलीच नसते, म्हणून. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत उतरणारा ट्रॅपेझियस नावाचा स्नायू आहे. हात पुढे, मान खाली आणि नजर आकड्यांवर अशा बैठकीत त्याला दिवसभर सुटी नसते. बोटाखाली गाठ म्हणून जे लागतं तो या स्नायूचाच आखडलेला, दाबल्यावर दुखणारा पट्टा असतो. अंगठ्याने फोडून बाहेर काढावं असं तिथे काही साचलेलं नसतं.

मग अंगठ्याखाली ती जागा सैल होताना जाणवते, ते काय? जाणवतं हे खरंच आहे, मलाही रोज जाणवतं. पण स्नायूने किती आखडून राहायचं हे स्नायू ठरवत नाही. मज्जारज्जूतल्या चेतापेशी त्याला सतत हुकूम धाडत असतात. स्नायूच्या पोटात लांबी मोजणारे स्पिंडल असतात, कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, ताण मोजणारे गोल्जी अवयव असतात, आणि त्वचेत दाब, कंप, ओढ ओळखणारी निरनिराळी ग्रहणकेंद्रं असतात. मालिशीचा हात या सगळ्यांना एकाच वेळी जागं करतो. त्यांच्या बातम्या मज्जारज्जूत पोचतात आणि तिथून स्नायूला सुटणारा हुकूम जरा नरमतो.

हे मोजूनही झालं आहे. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात नसेला (रक्ताच्या नव्हे, संदेश नेणाऱ्या) विजेचा हलका झटका दिला की पोटरी आपोआप आकसते. या प्रतिक्षिप्त क्रियेला एच-रिफ्लेक्स म्हणतात. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोटरी चेपणं चालू असेपर्यंत हा प्रतिसाद चांगलाच घटलेला दिसला. आणि हात उचलल्यावर? लगेच मूळ पदावर.

मग तुमचे ते दोन दिवस कुठून येतात, असं तुम्ही विचाराल. ते बहुधा मालिशीच्या परिणामाच्या परिणामातून येतात. दुखणं उतरलं की माणूस मान बिनधास्त वळवतो, खांदे कानांपाशी धरून बसत नाही, रात्री गाढ झोपतो. झोप बरी झाली की दुसऱ्या दिवशी दुखण्याची धारही कमी होते. तिसऱ्या दिवसापर्यंत खुर्ची तीच, स्क्रीन तेवढाच खाली आणि महिनाअखेर जवळ आलेली. मज्जारज्जू पुन्हा जुन्या हुकमावर.

म्हणून मालिश बंद करा असं मी म्हणणार नाही. ते दोन दिवस मात्र नुसते हलकं वाटण्यात घालवू नका. त्याच संध्याकाळी मान सगळ्या दिशांना सावकाश, शेवटपर्यंत फिरवा. दुसऱ्या दिवसापासून हातात थोडं वजन घेऊन खांदे वर उचलण्याचा व्यायाम सुरू करा, आठवड्यातून तीनदा, वजन हळूहळू वाढवत. डेन्मार्कमध्ये याच स्नायूच्या दुखण्याने त्रासलेल्या नोकरदार स्त्रियांवर अभ्यास झाले आहेत. त्यांत खांद्याच्या स्नायूंना वजनाचा व्यायाम देणाऱ्या गटाचं दुखणं ठळकपणे कमी झालं. दुखणाऱ्या स्नायूला आराम द्यायचा सोडून वजन कसलं उचलायला लावता, असं मला हमखास विचारलं जातं. त्यावर माझं उत्तर असतं, आजवर आरामच दिलात ना, मग काय झालं? स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि अर्ध्या तासाने एकदा तरी खुर्चीवरून उठा. मालिश महिन्यातून एकदा केलीत तरी चालेल, मग तिची वाटही पाहावी लागणार नाही.

प्रश्न: माझ्या भावाला कंबरेतून उजव्या पायात कळ येते. मालिश करणारे म्हणाले, सरकलेली नस जागेवर बसवतो. काही बैठका झाल्या. आता दोन्ही पाय जड वाटतात, बसायच्या जागेला बधिरपणा आहे आणि लघवी झाली तरी नीट कळत नाही. अजून किती बैठका लागतील?

एकही नाही. हे पत्र वाचल्याबरोबर संपादकांनी या वाचकांना फोन करून भावाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं. इथे छापतो आहोत ते इतरांसाठी. मज्जारज्जू साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली कण्याच्या पोकळीत नसांच्या मुळांचा जुडगा उतरतो आणि मूत्राशय, गुदद्वार, दोन्ही पाय यांचा कारभार त्याच्याकडे असतो. दोन मणक्यांमधली चकती मोठ्या प्रमाणात बाहेर येऊन या जुडग्यावर बसली की मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो आणि लघवीवरचा ताबा जातो. इथे दिवसांचा नाही, तासांचा हिशेब असतो. तातडीने एमआरआय आणि बहुतेकदा तातडीने शस्त्रक्रिया. उशीर झाला तर लघवीचा त्रास कायमचा राहू शकतो.

एरवीच्या, एका पायातल्या साध्या सायटिकाबद्दल बोलायचं तर दबलेलं मूळ हाडांच्या आत खोल असतं. तिथवर कुणाचाही अंगठा पोचत नाही, आणि चकती बाहेरून ढकलून आत जात नाही. मालिशीने भोवतालचे आखडलेले स्नायू सैलावतात, रुग्ण थोडा चालता-फिरता होतो, इतकंच. बहुतेकांची कळ काही आठवड्यांत आपसूक उतरत जाते, आणि त्याचं श्रेय शेवटची बैठक घेणाऱ्याला मिळतं.

प्रश्न: ताई, मी निवृत्त शिक्षिका. डोकं दुखत असलं की नात कपाळावरून हात फिरवते आणि फार बरं वाटतं. मी स्वतः तसाच हात फिरवला तर काहीच होत नाही. मुलगा म्हणतो, "आई, तो प्रेमाचा भास आहे." पण ठेच लागल्यावर अंगठा मी स्वतःच चोळते आणि तेव्हा बरं वाटतं. हे कसं?

या वेळच्या पत्रांतला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. बाईंनी निरीक्षण नेमकं केलं आहे. दोन अनुभव वेगळे आहेत, कारण ते नसांमधल्या दोन वेगळ्या जातीच्या तंतूंवरून येतात.

आधी ठेच. स्पर्श आणि दाब यांची बातमी आणणारे जाड तंतू असतात. त्यांच्यावर मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण असतं आणि त्यांतून संदेश सेकंदाला 35 ते 75 मीटर या वेगाने धावतो. ठसठसणारं, आग आग करणारं दुखणं आणणारे तंतू बारीक, बिनवेष्टणाचे. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचं अंतर साधारण तेवढंच. म्हणून ठेच लागल्याचं आधी कळतं, "आता दुखणार" हे मनात येतं आणि मग ती कळ येते. पुढच्या वेळी ठेच लागली की लक्ष देऊन पाहा (अर्थात तेव्हा असल्या प्रयोगाचा उत्साह राहिला तर). अंगठा चोळलात की जाड तंतूंवरून संदेशांचा लोंढा मज्जारज्जूत पोचतो आणि तिथल्या मधल्या चेतापेशी बारीक तंतूंवरून येणाऱ्या दुखण्याला आवर घालतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 साली ही कल्पना मांडली. तिला गेट कंट्रोल थिअरी म्हणतात. मज्जारज्जूत दुखण्यासाठी जणू एक फाटक आहे आणि ते कमीजास्त उघडतं. त्यांनी काढलेल्या आकृतीतले बारकावे पुढे बदलले, पण मुख्य मुद्दा टिकला. आमच्याकडचं टेन्स नावाचं, विजेच्या हलक्या झिणझिण्या देणारं यंत्र याच विचारातून आलं. या फाटकाला हात कुणाचा याच्याशी फारसं देणंघेणं नाही. म्हणून तुमचाच हात चालतो.

नातीच्या हाताची गोष्ट निराळी. बारीक, सावकाश तंतूंमध्ये एक गट असा आहे की त्याला दुखण्याशी कर्तव्यच नाही. त्याला हळुवार स्पर्श लागतो. यंग्वे झॉटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1939 साली मांजरांमध्ये हे तंतू नोंदवले. माणसांत ते सापडायला 1980 च्या दशकाचा शेवट उजाडला. सी-टॅक्टाइल हे त्यांचं नाव. ते प्रामुख्याने लव असलेल्या त्वचेत असतात: हात, पाठ, चेहरा. त्वचेवरून सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर या वेगाने काही फिरलं की ते जोरात बोलू लागतात. त्याहून भरभर किंवा अगदीच रेंगाळत फिरलं तर गप्प बसतात. स्पर्शाची उब त्वचेइतकी असली तर अधिकच खूश. लोकांना विचारलं की कोणत्या वेगाचा स्पर्श सुखाचा वाटतो, तर तेही हाच वेग सांगतात.

एक बाई अशा होत्या की आजारपणात त्यांचे जाड तंतू जवळजवळ सगळे निकामी झाले होते. त्यांच्यावर केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. तळहाताला स्पर्श केलेला त्यांना कळतच नसे. पण हाताच्या वरच्या बाजूला, लव असलेल्या त्वचेवरून मऊ ब्रश हळू फिरवला की काहीतरी अंधुक, सुखद असं त्या सांगत. कुठून कुठे फिरवला हे मात्र सांगता येत नसे. मेंदूचं चित्रण केलं तेव्हा स्पर्शाची जागा ठरवणारा भाग शांत होता आणि इन्सुला नावाचा भाग जागा झाला होता. शरीराला आतून कसं वाटतंय याची दखल घेणारा तो भाग. म्हणजे "कुठे" सांगणारी वाट वेगळी आणि "बरं वाटतंय" सांगणारी वेगळी.

आता तुमचा स्वतःचा हात. आपण हात हलवायचा ठरवला की छोटा मेंदू आधीच अंदाज बांधतो, आता अमुक जागी अमुक स्पर्श होणार. आणि तो अंदाजातला स्पर्श आला की मेंदू त्याचा जोर कमी करून टाकतो. स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत याचा शोध घेताना लंडनमधल्या संशोधकांनी 1998 मध्ये मेंदूचं चित्रण करून हे दाखवलं. पुढे त्यांनी एक यंत्र मध्ये घातलं. हात आपणच हलवायचा, पण स्पर्श किंचित उशिरा व्हायचा. सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढा उशीर पुरला. स्वतःच्याच हाताने गुदगुल्या वाढल्या. अंदाज चुकला ना!

तेव्हा मुलाला सांगा, भास नाही. प्रेमाचा वाटा आहेच, कारण नकोशा माणसाने त्याच वेगाने हात फिरवला तर अंगावर शहारे येतील. हा निवाडा मेंदू वरून करतो. पण खाली तंतूही आहेत. आणि नातीला एक सूचना: कपाळाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला चार-पाच सेकंद घे, भराभर नको.

प्रश्न: मी जिमला जातो. आमच्या इथे सगळ्यांचं मत की ओरडायला लावलं नाही तर ती मालिश कसली! गेल्या वेळी मांडी आणि गुडघ्याची बाहेरची बाजू कोपराने रगडून घेतली. तेव्हापासून पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. नस मोकळी होत असेल का?

नस दुखावली आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून पेरोनियल नावाची नस जाते. तिथे ती त्वचा आणि हाड यांच्या मध्ये अशी उघड्यावर असते की एका पायावर दुसरा टाकून फार वेळ बसलं तरी काहींचं पाऊल बधिर होतं. तिथे कोपर चालवणाऱ्याला शरीररचना ठाऊक नाही, हे उघड आहे. आत्ता उभे राहा आणि टाचांवर चार पावलं चाला. पंजा वर उचललेला राहतो का? राहत असेल तर त्या जागेवर दाब टाळा, मांडी घालून बसू नका. मुंग्या सहसा काही दिवसांत ते काही आठवड्यांत जातात. पंजा खाली लोंबत असेल, चालताना जमिनीवर आपटत असेल तर थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. घाई करायची सोयच नाही. कोपराच्या आतली बाजू, काख, दंडाची मागची बाजू, मानेची पुढची बाजू या जागाही अशाच. तिथे जोर लावू द्यायचा नाही. मानेच्या पुढच्या भागात तर नसांबरोबर मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आहेत.

ओरडण्याबद्दल. टेबलावर पालथ्या झोपलेल्या माणसाचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून मी त्याच्या पायांची बोटं पाहते. ती वळायला लागली, श्वास अडकला, मूठ आवळली की समजते, मज्जासंस्थेने हल्ला झाल्याची नोंद घेतली. आता ती स्नायूला सैल हो म्हणणार नाही, आवळून धर म्हणणार. मायामी विद्यापीठाच्या टच रिसर्च इन्स्टिट्यूटमधून 2009 साली एक अभ्यास आला. त्यात मध्यम दाबाच्या मालिशीने हृदयाच्या ठोक्यांतून दिसणारी व्हेगस नसेची, म्हणजे शरीराला विसावा देणाऱ्या बाजूची क्रिया वाढली. अगदी हलक्या दाबाने उलट उत्तेजनाची बाजू वाढली. म्हणजे फार हलकंही उपयोगाचं नाही. त्रासाला 10 पैकी गुण दिले तर 4-5 च्या वर जाऊ नये.

पण जोरात रगडल्यावर नंतर मोकळं वाटतं त्याचं काय? वाटतं, खरं आहे. एका जागी जोरदार दुखवलं की मेंदूच्या खोडापासून खाली येणारी दुखणं दाबायची यंत्रणा चालू होते, शरीरातली अफूसारखी द्रव्यं सुटतात आणि बाकीची दुखणी तेवढ्यापुरती फिकी पडतात. त्यासाठी नस पणाला लावायचं कारण नाही.

प्रश्न: मालिशीने शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात, लॅक्टिक ॲसिड निघून जातं, ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल तीस टक्क्यांनी उतरतं असं वाचलं. म्हणून नंतर भरपूर पाणी प्यावं का?

तहान लागली असेल तर प्या. विषद्रव्यं कोणती, त्यांचं नाव काय, हे मी अशा जाहिराती करणाऱ्यांना नेहमी विचारते. नाव अजून कुणी सांगितलेलं नाही. लॅक्टिक ॲसिड व्यायामानंतर तासाभरात स्वतःच पूर्ववत होतं, दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशी त्याचा संबंध नाही. 2012 साली थकवलेल्या मांड्यांतून स्नायूचे तुकडे काढून तपासले गेले. मालिश केलेल्या मांडीत दाह वाढवणारे संकेत कमी होते, लॅक्टेटमध्ये, म्हणजे त्या लॅक्टिक ॲसिडमध्ये, फरक नव्हता. कॉर्टिसॉलचा तो आकडा एका जुन्या आढाव्यातला. 2011 मध्ये ख्रिस्तोफर मोयर आणि सहकाऱ्यांनी आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा परिणाम इतका छोटा निघाला की बहुतेक ठिकाणी तो शून्यापासून वेगळा काढता येईना. चिंता आणि दुखणं कमी होतं याला मात्र बऱ्यापैकी आधार आहे. तेवढं पुरेसं नाही का?

प्रश्न: वडिलांना वीस वर्षं मधुमेह. तळपाय बधिर आहेत आणि रात्री आगही होते. मी रोज रात्री पाय रगडून देते, म्हणजे नसा जाग्या होतील. कधी बरं वाटतं म्हणतात, कधी हात झटकतात.

रगडू नका, पण रोज पाय हातात घेणं सोडू नका. मधुमेहात सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो. मालिशीने त्या नसा पुन्हा उगवत नाहीत. साखर ताब्यात ठेवणं आणि पुढची हानी थांबवणं एवढंच आपल्या हातात आहे. आग होण्यावर वेगळी औषधं असतात. साधी वेदनाशामकं तिथे चालत नाहीत, डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

बधिर असूनही हात का झटकतात? दुखावलेल्या नसांचा मज्जारज्जूतला हिशेब बिघडतो आणि साध्या स्पर्शाचंही दुखणं होतं. काहींना पांघरुणाची कडसुद्धा सहन होत नाही. अशा रात्री चोळू नका, तळहात पसरून पाऊल नुसतं धरून ठेवा. हलणारा स्पर्श बोचतो, स्थिर स्पर्श बऱ्याचदा चालतो. दाब मध्यमाहून कमीच हवा, कारण जास्त झाला तर तो त्यांना कळणार नाही. गरम तेल, शेकण्याची पिशवी अजिबात नको. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, तिथे तेल किंवा क्रीम साचू देऊ नका. आणि दिव्याखाली पाहा: भेग, फोड, लाली, एखादी जागा बाकीच्या पावलापेक्षा गरम. त्यांना जखम कळणार नाही, तुम्हाला कळेल. दवाखान्यात 10 ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या काडीने पावलाची तपासणी करतात. दोन मिनिटांचं काम, वर्षातून एकदा तरी करून घ्या. एका पोटरीला अचानक सूज आणि ठणका दिसला तर तिला हातही लावू नका, आधी डॉक्टर. आत रक्ताची गुठळी असू शकते.

प्रश्न: बाळ 31 व्या आठवड्यात जन्मलं, आता घरी आलंय. मालिशीने त्याच्या मेंदूची वाढ लवकर होते का? मला तर हात लावायचीच भीती वाटते.

भीती वाटणं साहजिक आहे, एवढुसा जीव. टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी 1986 साली अशाच अपुऱ्या दिवसांच्या बाळांना 10 दिवस, दिवसातून तीनदा, 15-15 मिनिटं मालिश आणि हातापायांची हालचाल दिली. त्यांचं वजन दिवसाला 47 टक्के जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. बाळं जेमतेम 40 होती. पुढच्या अभ्यासांत फायदा दिसत राहिला, पण इतका मोठा नाही. कारण असं दिसतं की त्वचेवरच्या दाबाने व्हेगस नसेची क्रिया वाढते आणि जठर-आतड्याची हालचाल सुधारते. मेंदू झपाट्याने वाढतो असा दावा मी करणार नाही.

बाळाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं की सुरू करा. दूध पाजल्यावर लगेच नको. हात उबदार, खोली उबदार, सुरुवातीला पाचच मिनिटं. बोटांच्या टोकांनी हलकंच गोंजारू नका, ते त्याला गुदगुल्यांसारखं बोचतं. अख्खा तळवा टेकवून, त्वचा किंचित सरकेल एवढा दाब द्या. बाळाने बोटं ताठ फाकवली, तोंड फिरवलं, उचक्या किंवा सारख्या जांभया दिल्या, रंग बदलला, तर त्याचं पुरे झालं. थांबा आणि नुसतं छातीशी धरा.

प्रश्न: मिस्टरांना पक्षाघात होऊन चार महिने झाले. उजव्या हाताची मूठ वळलेली असते. मालिशीला येणारे म्हणतात, मेलेल्या नसा जिवंत करतो.

मेंदूतला जो भाग गेला तो हाताला चोळून परत येत नाही. हात चालवण्याचं काम मेंदूचे शेजारचे भाग शिकू शकतात, आणि ते शिकतात फक्त रुग्णाने स्वतः केलेल्या प्रयत्नातून, तोच प्रयत्न शेकडो वेळा केल्यावर. मूठ वळते कारण वरून येणारा लगाम सुटला आहे आणि मज्जारज्जूतली ताणाची प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट झाली आहे. हिसका दिला, थापट्या मारल्या, बोटं झटक्यात उघडली तर ती आणखी वळते. सावकाश, मनगट आधी खाली वाकवून, मग अंगठा, मग एकेक बोट उघडत गेलात आणि मिनिटभर तसंच धरलंत तर ती सैल पडते.

मालिशीचा उपयोग इथेच. हात मऊ पडल्यानंतरचा अर्धा तास सोन्याचा. तेव्हा त्यांना पेला धरायला, टेबल पुसायला, कपड्याची घडी करायला लावा, चुकत का होईना. मालिश झाली आणि हात पुन्हा उशीवर ठेवला तर पैसे वाया. आणि उठवताना कधीही काखेत हात घालून किंवा तो हात ओढून उठवू नका. खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू दुबळे झालेले आहेत, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो.

प्रश्न: मालिशीनंतर उठलं की गरगरतं, डोळे मिटतात. लगेच गाडी चालवली तर चालेल का?

नको. नाडी मंदावलेली असते, रक्तदाब थोडा उतरलेला असतो आणि अचानक उभं राहिल्यावर तो सावरायला वेळ लागतो. कुशीवर वळा, टेबलाच्या कडेला पाय सोडून बसा, पोटऱ्या चार-सहा वेळा आवळा, मग उठा. डोळे पूर्ण उघडेपर्यंत किल्ली खिशात राहू द्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मालिश करणाऱ्याला आधीच सांगा, आणि गरगरणं दर वेळी होत असेल तर रक्तदाब झोपून व उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या.